फोटो उभा की आडवा? आधी आधार भक्कम हवा

रायपूरच्या चौबे कॉलनीत किंवा तात्यापाऱ्यात, कोणत्याही मराठी घरात घडू शकेल असा हा प्रसंग. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आहे. नागपूरहून मामा-मामी आले आहेत, भिलाईहून आत्या आली आहे, पुण्याची नात रात्रीच्या गाडीने सकाळीच उतरली आहे. औक्षण झाले, जेवणे उरकली आणि सगळ्यांनी अंगणात एकत्र फोटो काढायचे ठरले. कॅमेरा नातवाचा. नवा कोरा, चांगल्या किमतीचा. त्याबरोबर त्याने एक ट्रायपॉडही घेतला होता. हलका, स्वस्त आणि पिशवीत मावणारा. तीन रांगा लागल्या, दहा सेकंदांचा टायमर लावून नातू धावत जाऊन शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि फोटो निघाला. अगदी छान निघाला.

मग आत्या म्हणाली, "आता आईचा एकटीचा एक काढ रे. उभा काढ, भिंतीवर लावता येईल असा."

आजी खुर्चीत नीट बसल्या. नातवाने कॅमेरा आडव्याचा उभा करण्यासाठी ट्रायपॉडचे डोके कुशीवर वळवले आणि तिथेच गडबड सुरू झाली. स्क्रू आवळला तरी लेन्सचे नाक हळूहळू खाली झुकू लागले. सगळा भार एका बाजूला गेल्याने एक पाय जमिनीवरून किंचित उचलला गेला. शेवटी एका हाताने कॅमेरा धरून त्याने तीन-चार फोटो घेतले. "झालं का रे बाळा?" आजी दोनदा म्हणाल्या. त्यांची पाठ दुखू लागली होती. रात्री संगणकावर पाहिले, तर सर्वांचा फोटो स्वच्छ आणि आजींचे सगळे फोटो हललेले.

पुढे कधीतरी भिंतीवर लावण्यासाठी आजींचा फोटो हवा असतो, तेव्हा घरातली माणसे त्या सामूहिक फोटोतूनच चेहरा कापून मोठा करून आणतात. तो धूसर असतो. कित्येक घरांतल्या भिंतींवर असे धूसर चेहरे आहेत.

या प्रसंगात दोष कॅमेऱ्याचा नाही आणि नातवाचाही नाही. घेतलेला आधार केवळ आडव्या फोटोच्या कामाचा होता, एवढेच. कॅमेऱ्याची निवड करताना लोक चार दुकाने पालथी घालतात, दहा जणांना विचारतात. ट्रायपॉड मात्र "हाही देऊन टाका" असे म्हणून शेवटी घेतला जातो. म्हणूनच तो कसा पारखावा, याचा थोडा विचार करू.

गडबड कुठे होते?

पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरली, तर बराच वेळ धरता येते. तीच हात लांब करून धरली, तर मिनिटभरात खांदा भरून येतो. बादलीचे वजन बदललेले नसते. बदललेले असते ते तिचे अंगापासूनचे अंतर.

कॅमेऱ्याचे तसेच आहे. तो आडवा असतो तेव्हा त्याचे वजन ट्रायपॉडच्या बरोबर मध्यावर, तीन पायांच्या मधोमध पडते. डोके कुशीवर करून तो उभा केला, की तोच कॅमेरा मध्यापासून अर्ध्या वितीवर बाहेर लटकतो. त्यामुळे एकाच वेळी चार गोष्टी बिघडतात.

पहिली, डोक्याच्या सांध्यावर पीळ येतो. सांधा कच्चा असेल तर कॅमेरा खाली सरकतो. दुसरी, ट्रायपॉडचा तोल एका बाजूला जातो आणि कोणाचा पदर किंवा एखादे धावते मूल त्याला लागले तर तो पडू शकतो. तिसरी, कॅमेरा खालून एकाच स्क्रूवर बसवलेला असतो. तो कुशीवर झाला, की लेन्सच्या वजनाने त्या स्क्रूभोवतीच फिरू पाहतो. आजींच्या फोटोच्या वेळी "नाक खाली झुकले" ते यामुळेच. आणि चौथी, लेन्सची जागाच बदलते. ती बाजूला जाते आणि खालीही उतरते. मघाशी नीट जुळवलेली चौकट आता पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते. समोर डोंगर असेल तर त्याने काही बिघडत नाही. समोर ऐंशी वर्षांची थकलेली आजी असेल, तर फार बिघडते.

तेव्हा निवडीचे सूत्र एकच. कॅमेरा फिरला तरी त्याचा भार मध्यावरच राहिला पाहिजे. हे सूत्र ध्यानात ठेवले, तर दुकानातल्या डझनभर वस्तूंपैकी आपल्या कामाची कोणती, हे सहज उमगते.

जुन्या स्टुडिओंत हा त्रास का नव्हता?

ज्यांनी एकेकाळी 'आग्फा क्लिक थ्री' वापरला असेल, त्यांना आठवेल की तो उभा-आडवा करण्याचा प्रश्नच येत नसे. १२० नंबरच्या रोलवर १२ फोटो निघत आणि प्रत्येक निगेटिव्ह चौकोनी असे, ६ सेंटिमीटर बाय ६ सेंटिमीटर. स्टुडिओत वापरले जाणारे यशिका, रोलीफ्लेक्स असे दोन लेन्सचे कॅमेरेही चौकोनीच फोटो घेत. फोटो उभा करायचा की आडवा, हे छायाचित्रकार मागाहून अंधाऱ्या खोलीत ठरवी.

त्याआधीच्या, काळ्या कापडाखाली डोके घालून पाहण्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांची युक्ती वेगळी होती. त्यांपैकी अनेकांत कॅमेरा जागचा न हलवता फक्त मागची चौकट काढून फिरवून बसवता येई. पुढे १९७० मध्ये आलेल्या जपानच्या मामिया आरबी ६७ या कॅमेऱ्यात हीच सोय सुधारून दिली होती. त्याची पाठ जागच्या जागी फिरत असे.

हा प्रश्न घरोघर आला तो ३५ मिलीमीटरच्या फिल्ममुळे. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि २४ बाय ३६ मिलीमीटरची आडवी चौकट रूढ झाली. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांनी हेच प्रमाण उचलले आहे. कॅमेरा हातात धरायला आडवा सोयीचा, पण माणूस आणि देऊळ ही उभी. हातातला कॅमेरा फिरवणे सोपे असते. ट्रायपॉडवरचा फिरवणे हे खरे काम. जुन्या कारागिरांनी कॅमेरा न लटकवता चौकट फिरवण्याची सोय केली होती. आजच्या चांगल्या साधनांत तीच कल्पना वेगळ्या रूपात आहे.

डोके कोणते घ्यावे?

ट्रायपॉडचे दोन भाग असतात. खालचे पाय आणि वरचे डोके, म्हणजे 'हेड'. अगदी स्वस्त ट्रायपॉडमध्ये हे दोन्ही जोडलेलेच असतात आणि डोके बदलता येत नाही. शक्यतो वेगळे होणारे डोके असलेला ट्रायपॉड घ्यावा, म्हणजे पुढे गरजेप्रमाणे तेवढेच बदलता येते.

दुकानात मुख्यतः दोन प्रकारची डोकी दिसतील. पहिले 'थ्री-वे' किंवा 'पॅन-टिल्ट'. याला मुठी असतात. एक वर-खाली करण्यासाठी, एक कुशीवर करण्यासाठी आणि गोल फिरवण्यासाठी आणखी एक मूठ किंवा चावी. एक हालचाल करताना बाकीच्या जागच्या जागी राहतात. घरगुती समारंभ, सामूहिक फोटो, दागिन्यांचे किंवा पदार्थांचे फोटो यांसाठी हे सावकाश आणि नेमके काम करते. नवशिक्याला हेच लवकर जमते. मात्र कॅमेरा उभा करताना तो बाजूला लटकतोच.

दुसरे 'बॉल हेड'. यात एक गोळा असतो आणि एक स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो. हे आटोपशीर असते आणि काम झटपट होते. कॅमेरा उभा करण्यासाठी कडेला एक खाच असते. गोळ्याचा दांडा त्या खाचेत आडवा करायचा. पण येथेही भार बाहेरच जातो. शिवाय स्क्रू सैल करताना दुसरा हात कॅमेऱ्यावर नसेल, तर जड कॅमेरा धाडकन आडवा होतो. बोट मधे सापडले तर चांगलेच चिमटते.

कॅमेरा हलका असेल, म्हणजे छोट्या लेन्ससह किलोपेक्षा कमी, आणि उभे फोटो क्वचितच काढायचे असतील, तर यापैकी कोणतेही एक चांगल्या बांधणीचे डोके पुरेसे आहे. वेगळे काही घ्यायची गरज नाही. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. कॅमेरा ज्या बाजूला झुकवायचा, त्याच बाजूला ट्रायपॉडचा एक पाय येईल असा तो उभा करावा. लटकणाऱ्या वजनाखाली पाय असला, की ट्रायपॉड कलंडत नाही. आणि मधला दांडा शक्यतो वर काढू नये. उंची हवी असेल तर आधी पाय पूर्ण उघडावेत. दांडा वर काढला, की तीन पायांचा ट्रायपॉड वरून एकाच पायाचा होतो.

एल ब्रॅकेट: छोटी वस्तू, मोठा उपयोग

कॅमेरा थोडा जड असेल, किंवा उभे फोटो वारंवार काढायचे असतील, तर या सगळ्या त्रासावरचा साधा उपाय म्हणजे 'एल ब्रॅकेट'. इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची ही धातूची पट्टी असते. तिची एक बाजू कॅमेऱ्याच्या तळाशी बसते आणि दुसरी डाव्या कुशीला वर जाते. दोन्ही बाजूंना एकसारखी खाच असते. आडवा फोटो हवा असेल तर कॅमेरा तळाच्या बाजूने डोक्यावर बसवायचा. उभा हवा असेल तर काढून कुशीच्या बाजूने बसवायचा. डोके हलवायचेच नाही. कॅमेरा दोन्ही वेळा ट्रायपॉडच्या मध्यावर, उजव्या हाताची मूठ वरच्या बाजूला आणि लेन्स जवळजवळ मघाच्याच जागी. सवय झाली की चार-पाच सेकंदांचे काम. आजींना "आता थोडं इकडे सरका" असे सांगावे लागत नाही.

ब्रॅकेट ज्या खाचेत बसते, तिला बाजारात 'आर्का' किंवा 'आर्का-स्विस' पद्धत म्हणतात. मूळ स्वित्झर्लंडच्या कंपनीची ही पट्टी सुमारे ३८ मिलीमीटर रुंद आणि तिरक्या कडांची असते. आता अनेक कंपन्या तीच वापरतात. म्हणून डोके घेतानाच 'आर्का'ची पकड असलेले घ्यावे. काही कंपन्यांच्या पट्ट्या त्यांच्या स्वतःच्याच आकाराच्या असतात आणि त्यांच्यावर हे ब्रॅकेट बसत नाही. 'आर्का'च्या सर्व पट्ट्याही अगदी तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे पकड आणि ब्रॅकेट एकत्र बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ब्रॅकेट दोन प्रकारचे मिळते. एक सर्व कॅमेऱ्यांना चालणारे आणि दुसरे आपल्या कॅमेऱ्याच्या नेमक्या मॉडेलसाठी घडवलेले. पहिले स्वस्त पडते, पण ते स्क्रूभोवती किंचित फिरते. दुसऱ्याला कॅमेऱ्याच्या कडेला टेकणारा ओठ असतो, त्यामुळे ते हलत नाही. उभ्या फोटोत सगळा पीळ याच जागी येतो, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी मॉडेलप्रमाणे घडवलेलेच घ्यावे. मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्यावी. कॅमेरा बदलला, तर बहुधा हे ब्रॅकेटही बदलावे लागते.

घेताना पुढील बाबी आपल्या कॅमेऱ्यावर बसवूनच पाहाव्यात. ब्रॅकेट न काढता बॅटरीचे झाकण उघडते का? कार्ड निघते का? बाजूला उघडणारा पडदा पूर्ण वळतो का? डाव्या बाजूला माइक किंवा रिमोटची वायर लावायची जागा झाकली जात नाही ना? हातात धरल्यावर कडा बोचत नाहीत ना? आणि ते बसवायची छोटी षट्कोनी चावी सोबत दिली आहे ना? ती चावी ट्रायपॉडच्या पिशवीतच ठेवावी. समारंभाच्या दिवशी स्क्रू सैल झाला आणि चावी घरी राहिली, तर नाण्याने तो आवळता येत नाही.

लांब लेन्सला कॉलर

शाळेचे स्नेहसंमेलन किंवा मंडळाचे नाटक लांबून टिपायचे असेल, तर ७०-२०० मिलीमीटरसारखी लांब लेन्स वापरली जाते. यांतील मोठ्या लेन्स सव्वा ते दीड किलो भरतात. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर बसवूच नये. लेन्सच बसवावी. त्यासाठी लेन्सभोवती एक कडे असते, त्याला 'ट्रायपॉड कॉलर' म्हणतात. कड्याचा स्क्रू सैल केला, की लेन्ससह कॅमेरा स्वतःच्याच अक्षावर गर्रकन फिरतो. आडव्याचा उभा होतो. भार मध्यावर, चौकटीचा मध्यही जागच्या जागी. जुन्या मामियाच्या फिरत्या पाठीची हीच खरी वारसदार. रंगमंचावर एक पात्र पुढे आले की उभी चौकट, सगळे एकत्र आले की आडवी, हे नाटक चालू असतानाच करता येते.

काही लेन्सवर हे कडे आधीच असते, तर काहींसाठी वेगळे घ्यावे लागते. कॉलर असलेल्या लेन्ससाठी एल ब्रॅकेटची गरज नाही. दोन्हींवर खर्च करण्याआधी आपण कोणती लेन्स जास्त वापरतो, ते पाहावे.

सावली बाजूला पडू नये म्हणून

घरगुती लग्न-मुंजीत आणखी एक चूक हमखास होते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश असतो. कॅमेरा उभा केला, की फ्लॅश माथ्यावर न राहता कानाशी येतो. मग वधूच्या मागच्या भिंतीवर तिच्या एका बाजूला गडद, काळी सावली पडते. साडीचा रंग कितीही खुलला असला, तरी नजर आधी त्या सावलीकडे जाते.

यासाठी 'फ्लॅश ब्रॅकेट' मिळते. यात कॅमेरा फिरला तरी फ्लॅश लेन्सच्या वरच राहतो, त्यामुळे सावली खाली, पाठीमागे लपते. मात्र यामुळे कॅमेऱ्याचे वजन वाढते. खोलीचे छत पांढरे आणि फारसे उंच नसेल, तर फ्लॅशचे तोंड छताकडे वळवूनही बरेच काम भागते. कॅमेरा उभा केल्यावर ते तोंड पुन्हा छताकडे वळवायला मात्र विसरू नये. घरातल्या हौशी छायाचित्रकाराने आधी हा बिनखर्चाचा उपाय करून पाहावा.

मोबाइल असेल तर?

आज बहुतेक घरांतले फोटो मोबाइलवरच निघतात. मोबाइल साधारण २०० ग्रॅमचा. त्याला जड डोके नको, ब्रॅकेटही नको. फक्त मोबाइल पकडणारा चिमटा असा घ्यावा, जो स्वतःच्या जागीच ९० अंशांत फिरतो. स्वस्त चिमटे फिरत नाहीत. मग सगळा स्टँडच वाकवावा लागतो आणि पुन्हा तीच रडकथा. चिमट्याची स्प्रिंग घट्ट आहे का, रबर निसटत नाही ना आणि मोबाइलचे बटण त्याखाली दाबले जात नाही ना, हे तेथल्या तेथे पाहावे. चालता-चालता व्हिडिओ घेण्यासाठी मोटरवर चालणारे 'गिंबल' मिळते आणि त्यांपैकी बऱ्याच गिंबलमध्ये बटणाने उभे-आडवे करता येते. स्थिर फोटोसाठी मात्र साधा ट्रायपॉडच बरा. त्याला चार्ज करावे लागत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत आज घराघरांत एक नवा वाद असतो. मुलीला तो मोबाइलवर पाठवायला उभा हवा असतो आणि आजोबांना टीव्हीवर पाहायला आडवा. दोघांचे समाधान होईल असा एक मार्ग आहे. कॅमेऱ्यात 'फोर के' दर्जा असेल, तर व्हिडिओ आडवाच घ्यावा आणि महत्त्वाची माणसे मध्यावर ठेवावीत. त्या चित्राची उंची २१६० बिंदू असते. त्यातून उभी पट्टी कापली, तरी १२१५ बाय २१६० बिंदू उरतात. मोबाइलवर पाहण्यासाठी ते पुरेसे होतात. येथे काही विकत घेण्याची गरजच नाही.

मग फोटोही कापूनच का घेऊ नये?

हा प्रश्न रास्त आहे. हिशेब असा. २ कोटी ४० लाख बिंदूंच्या कॅमेऱ्याचा आडवा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. त्यातून उभा फोटो कापला, तर २६६७ बाय ४००० म्हणजे सुमारे १ कोटी ७ लाख बिंदू उरतात. निम्म्याहून जास्त गेले. तरीही १२ बाय १८ इंचांच्या फोटोत दर इंचाला २२२ बिंदू येतात. एकटी आजी चौकटीत पूर्ण उंचीने बसली असेल, तर भिंतीवर लावायला तेवढे चालून जाते.

पण सामूहिक फोटोतून चेहरा कापताना हिशेब पार बदलतो. एका रांगेत दहा माणसे असतील, तर एकेकाच्या वाट्याला ६०० बिंदू येतात आणि चेहऱ्याला जेमतेम २००. म्हणजे त्याच दर्जाने छापला, तर चेहरा इंचभरही भरत नाही. तो भिंतीएवढा ताणला, की धूसर होणारच. त्यामुळे एवढाच नियम करावा. प्रवासातला, गमतीचा फोटो कापून चालेल. जपून ठेवायचा एका माणसाचा फोटो मात्र कॅमेरा उभा करून, वेगळाच काढावा.

घराबाहेर पडल्यावर

हे सगळे शिकायला छत्तीसगडसारखी जागा नाही. रायपूरहून साधारण ८० किलोमीटरवर सिरपूर आहे. तेथील विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकाच्या सुमाराचे. महाशिवगुप्त बालार्जुन राजाची आई वासटा हिने आपल्या पतीच्या, हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ ते बांधवले. उंच चौथऱ्यावर उभे असलेले ते शिखर आडव्या चौकटीत मावतच नाही. त्याच सिरपूरच्या सुरंग टीला येथील पायऱ्यांचा रुंद उतार आडव्या चौकटीतच शोभतो. अशा संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते का, ते जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

बस्तरमध्ये तर निसर्गानेच धडा मांडून ठेवला आहे. जगदलपूरजवळचा चित्रकोटचा धबधबा पावसाळ्यात सुमारे ३०० मीटर रुंद पसरतो. त्याची उंची मात्र साधारण २९ मीटर. तो पूर्ण आडवा. कांगेर खोऱ्यातला तीरथगडचा धबधबा सुमारे ३०० फुटांवरून टप्प्याटप्प्याने उतरतो. तो पूर्ण उभा. पाण्याची रेशमी धार टिपायची, तर शटर पाव-अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढा वेळ हातात कॅमेरा स्थिर राहत नाही. ट्रायपॉड लागतोच आणि एकाच सहलीत दोन्ही चौकटी लागतात. ओल्या खडकावर कुशीला लटकलेला कॅमेरा म्हणजे काळजीचे काम. तो मध्यावर बसलेला असेल, तर बघणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो.

दुकानात पारख कशी करावी?

ट्रायपॉड घ्यायला जाताना आपला कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स बरोबर न्यावी. नुसत्या ट्रायपॉडला हात लावून काही कळत नाही. मग क्रमाने असे करावे.

• डब्यावर लिहिलेली भारक्षमता पाहावी. प्रत्येक कंपनी ती आपल्या पद्धतीने मोजते. म्हणून आपल्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या निदान दुप्पट आकडा असलेलाच ट्रायपॉड पाहावा.

• कॅमेरा बसवून समोरच्या कपाटाची कड चौकटीच्या कडेला लावावी, स्क्रू आवळावा आणि हात सोडावा. मिनिटभराने पुन्हा पाहावे. कड सरकली असेल, तर ते डोके नको.

• हेच कॅमेरा उभा करून पाहावे. खरी परीक्षा ही. दुकानदाराला घाई असली, तरी आपण करू नये.

• ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि पडद्यावरचे चित्र किती वेळ थरथरते, ते पाहावे. लवकर थांबले तर पाय चांगले.

• कॅमेऱ्याच्या तळाचे भोक सहसा पाव इंचाच्या स्क्रूचे असते आणि ट्रायपॉडच्या पायांवर डोके बसवण्याचा स्क्रू बऱ्याचदा तीन-अष्टमांश इंचाचा असतो. डोके वेगळे घेताना हे जुळते का, ते बघावे.

• घरातली आईसुद्धा तो वापरणार असेल, तर तिच्या हातांनी मुठी सहज फिरतात का, ते तिलाच करून पाहू द्यावे.

पैसे मर्यादित असतील, तर क्रम असा ठेवावा. आधी भक्कम पाय, मग चांगले डोके, मग ब्रॅकेट. डळमळत्या पायांवर कितीही महागडे ब्रॅकेट लावले, तरी फोटो हलणारच.

थोडी निगा

रायपूरचा उन्हाळा आणि धूळ सर्वांच्या परिचयाची आहे. ब्रॅकेटच्या खाचेत धुळीचा बारीक खडा अडकला, की पकड वरून घट्ट वाटते आणि आतून सैल राहते. प्रत्येक वेळी बसवण्याआधी खाच फडक्याने पुसावी. बसवल्यावर कॅमेरा सोडण्याआधी हलकेच वर ओढून पाहण्याची सवय लावावी. पावसातून आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडे ठेवून वाळवावेत. स्क्रू अधूनमधून आवळावेत. मोठ्या कार्याच्या आदल्या रात्री तर नक्कीच.

आणि त्याच रात्री एकदा रंगीत तालीमही करावी. घरातल्या कोणालाही खुर्चीत बसवून आडवा फोटो, मग उभा, पुन्हा आडवा. दुसऱ्या दिवशी हात आपोआप चालतात.

मग अंगणात तीन रांगांचा फोटो होतो. सगळे पांगतात, मुले पळतात आणि आत्या म्हणते, "आता आईचा एकटीचा काढ." नातू कॅमेरा उचलतो, कुशीवर बसवतो, स्क्रू आवळतो. आजी पदर सावरून समोर पाहतात. त्यांची पाठ दुखू लागण्याआधीच तो म्हणतो, "झालं, आजी." तो फोटो पुढे कित्येक वर्षे त्या घराच्या भिंतीवर राहणार असतो. त्यात आजींच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही दिसाव्यात, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.